मॅडम फोन करतील

मी नाशिकच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या शाळेचा एक मोबाईल आहे. तो असतो ऑफिसच्या टेबलावर, पण त्यावरचे निरोप ऑफिसच्या वेळेत येत नाहीत. आमचे पालक अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीवर जातात, कुणी दूध बाजारात नाहीतर शालिमारला हातगाडी लावतो, आया घरी शिलाई मशीनवर बसतात. त्यांना सवड मिळते ती रात्री दहानंतर. उद्या सुट्टी आहे का, फी कधीपर्यंत भरायची, आधारवर नाव चुकलंय तर फॉर्म चालेल का, परीक्षा सकाळची की दुपारची. प्रश्न सात-आठच, पण विचारणारे शेकडो. सकाळी आमचे लिपिक भाई चहा गार होईपर्यंत तेच उत्तर पुन्हा पुन्हा चिकटवत बसत. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा ती नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली, एवढी एक गोष्ट दरवर्षी किती घरांना नव्याने सांगावी लागते ते त्यांनाच ठाऊक.

या फोनला स्वतः उत्तरं देता येतील का, असं मुख्याध्यापिका आपांनी एका बैठकीत विचारलं. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे हे स्टाफरूमला माहीत होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

चॅटबॉट आम्हा शिक्षकांना नवा नाही. शाळा बंद होत्या त्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ सुरू केलं होतं. व्हॉट्सअॅपवर एका क्रमांकाला निरोप पाठवायचा, आपली इयत्ता आणि माध्यम निवडायचं, की त्या आठवड्याचे प्रश्न यायचे. मराठीबरोबर उर्दू माध्यमालाही ते मिळालं याचं आम्हाला फार अप्रूप होतं. घरात फोन एक आणि मुलं तीन, तोही फोन अब्बांबरोबर कामावर गेलेला. तरी रात्री नऊला फोन घरी आला की मुलं आळीपाळीने प्रश्न सोडवायची. पुढे डिसेंबर २०२३ पासून हजेरीचा चॅटबॉट आला, चाचण्यांचे गुणही चॅटबॉटवरच भरू लागलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअॅपवर आणण्यासाठी राज्य सरकारने मेटा कंपनीशी हातमिळवणी केली.

मात्र शाळेच्या या सगळ्या प्रकारांत विचारणारं यंत्र होतं आणि उत्तर देणारे आम्ही, नाहीतर आमची मुलं. आता उलट व्हायचं होतं. विचारणार होती एक आई, रात्री पावणेअकराला, भांडी घासून झाल्यावर.

भाचा रविवारी लॅपटॉप घेऊन आला आणि जेवता जेवता त्याने मला ‘वेबहूक’ समजावायला सुरुवात केली. दोन-तीन इंग्रजी वाक्यांनंतर मी त्याला थांबवलं. म्हटलं, मी बी.एड. झालेली बाई आहे, मला उदाहरणाने सांग. मग आम्ही दोघांनी मिळून जे उदाहरण जुळवलं तेच इथे देते. वाचक बहिणींपैकी कुणाला हे काम करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पालकांचा निरोप आधी टेलिग्रामच्या किंवा व्हॉट्सअॅपच्या मोठ्या टपाल कचेरीत जाऊन पडतो. आपला प्रोग्राम दुसरीकडे, भाड्याच्या सर्व्हरवर. निरोप त्याच्यापर्यंत कसा यायचा? एक रीत अशी की आपल्या माणसाने दर दोन मिनिटांनी कचेरीत जाऊन ‘आमचं काही आलंय का?’ असं विचारायचं. रेशन दुकानात साखर आली का हे विचारायला आपण पूर्वी चकरा मारायचो तसं. चालतं, पण बहुतेक चकरा फुकट. दुसरी रीत म्हणजे कचेरीत आपल्या घराचा पत्ता नोंदवून ठेवायचा आणि सांगायचं, आमच्या नावाचं काही आलं की याच पत्त्यावर वर्दी द्या. हा नोंदवलेला पत्ता म्हणजेच वेबहूक. नाव परकं आहे, व्यवहार आपल्या ओळखीचा आहे.

आता पोस्टमन दारात येणार म्हटल्यावर घराला काही शिस्त लागते. पहिली म्हणजे पत्ता खरा हवा. भाच्याचा लॅपटॉप आमच्या घरच्या वायफायवर होता. त्याला बाहेरून दिसणारा पत्ताच नव्हता. गल्लीच्या आतल्या बिननंबरी खोलीसारखं ते. त्यासाठी सुरुवातीला त्याने बाहेरच्या पत्त्यावरचा निरोप आत लॅपटॉपपर्यंत आणणारा एक प्रोग्राम वापरला, नंतर सर्व्हर भाड्याने घेतला. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होणाराच लागतो, म्हणजे वाटेत कुणी पाकीट फोडून वाचू नये.

दुसरी शिस्त पोचपावतीची. आमच्या अम्मीला रजिस्टर टपाल आलं की ती आधी सही करून पोस्टमनला मोकळं करायची, पाकीट मग सावकाश फोडायची. (रजिस्टर टपालच २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं म्हणे. पुढच्या पिढीला हे उदाहरण कळायचं नाही.) इथेही तसंच. निरोप आला की आपल्या सर्व्हरने लगेच ‘२००’ हा आकडा परत द्यायचा. ही सही. सही मिळाली नाही तर कचेरी समजते की घरात कुणी नाही, आणि तोच निरोप पुन्हा पाठवते. पहिल्या रात्री माझ्या बहिणीने ‘सलाम’ लिहिलं आणि तिला चार वेळा ‘वालेकुम सलाम’ आलं, त्याचं कारण हेच. प्रोग्राम आधी उत्तर तयार करत होता, सही नंतर देत होता, आणि पोस्टमन तोवर पुन्हा दार वाजवत होता. भाच्याने क्रम बदलला. शिवाय टेलिग्राम दर निरोपाला अनुक्रमांक देतं. तो लिहून ठेवला की एकाच निरोपाला दोनदा उत्तर जात नाही. आवक-जावक रजिस्टर ठेवणाऱ्या आमच्या लिपिक भाईंना हा भाग ऐकताक्षणी कळला.

तिसरी शिस्त पोस्टमन खरा की तोतया हे पाहण्याची. आपला पत्ता कुणाच्या हाती लागला तर तो खोटा निरोप आणून टाकू शकतो. म्हणून टेलिग्रामला पत्ता देतानाच एक परवलीचा शब्द देऊन ठेवता येतो. प्रत्येक निरोपासोबत तो शब्द येतो, नाही आला तर दार उघडायचं नाही. व्हॉट्सअॅप निरोपावर आकडेमोडीने बनवलेली सही करून पाठवतं, ती जुळवून पाहायची.

सराव आम्ही टेलिग्रामवर केला, कारण तिथे खटाटोप कमी. ‘बॉटफादर’ नावाचाच एक बॉट आहे. त्याला सांगितलं की तो नवा बॉट नोंदवतो आणि एक लांबलचक टोकन देतो. ते टोकन वापरून पत्ता नोंदवला की झालं. काही अडलं तर ‘गेटवेबहूकइन्फो’ विचारायचं. किती निरोप तुंबलेत आणि शेवटची चूक काय झाली ते ते सांगतं. पण आमच्या पालकांकडे टेलिग्राम कुठे? त्यांच्याकडे व्हॉट्सअॅप. तिथे मेटाकडे व्यवसायाचं खातं काढावं लागतं. पत्ता नोंदवताना व्हॉट्सअॅप आधी एक आकडा पाठवून परीक्षा घेतं, तोच आकडा जसाच्या तसा परत दिला तरच पत्ता मान्य होतो. सरावासाठी मिळणाऱ्या क्रमांकावरून फक्त पाच जणांना निरोप पाठवता येतात, तेव्हा पहिले पाच जण म्हणून आम्ही पाच आया निवडल्या. आणखी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पालकाने लिहिल्यापासून चोवीस तास आपण मोकळेपणाने उत्तर देऊ शकतो. त्यानंतर आपणहून काही पाठवायचं तर आधी मंजूर करून घेतलेलाच मजकूर पाठवावा लागतो. लोकांना जाहिरातींचा उच्छाद नको म्हणून हा नियम, आणि मला तो पटतो.

इथवर माझं काम ऐकण्याचं होतं. उत्तरं लिहायची वेळ आली तेव्हा ते खरं सुरू झालं.

आमच्या पाच आयांपैकी एकही शाळेच्या पुस्तकातल्यासारखी उर्दू लिहीत नव्हती. दोघी रोमन अक्षरांत लिहायच्या, आणि त्यातही ‘छुट्टी’ हा एक शब्द पाच तऱ्हांनी. एक देवनागरीत लिहायची, कारण तिचं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. उरलेल्या दोघी लिहीतच नव्हत्या, बटण दाबून बोलायच्या. बोललेला निरोप वेबहूकवरून येतो तो नुसती फाईल म्हणून. आत काय आहे ते आमच्या प्रोग्रामला कळत नाही. मी जवळपास आठवडाभर जुने निरोप वाचून एकेका प्रश्नाची रूपं वहीत लिहिली. ‘फीस’, ‘फी’, ‘पैसे भरना’, ‘रकम’. उत्तरं उर्दू लिपीत आणि देवनागरीत, दोन्हीकडे लिहिली. उर्दूत तारीख आडव्या रेघा देऊन आकड्यांत लिहिली तर काही फोनवर तिचे तुकडे उलटसुलट व्हायचे, दहा डिसेंबरचा बारा ऑक्टोबर व्हायचा. म्हणून महिना अक्षरांत लिहायचा, असं ठरवलं.

भाच्याने सुचवलं की एवढी वही कशाला, एखादं आजकालचं भाषा समजणारं एआय जोडू, ते सगळी रूपं ओळखेल आणि बोललेलंही लिहून काढेल. जोडता येतं, मी पाहिलंही. गोड बोलतं. पण शुल्काची तारीख माहीत नसताना त्याने एक तारीख ठामपणे सांगितली, आणि ती तारीख खरी मानून एखादा बाप कामावर खाडा करून शाळेत आला असता. आठ प्रश्नांना आठ पक्की उत्तरं पुरेत, असं मी म्हटलं. आपांनीही तेच म्हटलं.

मग आला दाखल्याचा प्रश्न. वहीत तो पाचव्या क्रमांकावर होता: शाळा सोडल्याचा दाखला काढायला काय लागतं? भाचा म्हणाला, “खाला, हे तर सगळ्यात सोपं. अर्ज, आधारची प्रत, पुस्तकं परत केल्याची पावती. तीन ओळींचं उत्तर.”

मी म्हटलं, या प्रश्नाला यंत्राने उत्तर द्यायचं नाही.

तो वैतागला. आणि त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं, कारण यंत्राला उत्तर येत असताना ते न देणं त्याला अडवणूक वाटत होतं. शाळेने दाखला अडवू नये, हे मलाही मान्य. आठवीपर्यंत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय की मागितला की मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, टाळाटाळ केली तर कारवाई. पण मी वीस वर्षं उर्दू शाळेत काढली आहेत. जूनमध्ये दाखला मागणारं घर बहुधा बदली झालेलं असतं. डिसेंबरमध्ये नववीतल्या मुलीचा दाखला मागितला जातो तेव्हा तो प्रश्न कागदांचा नसतो. आणि त्या घराला कागदांची यादी लगेच, बिनचूक, रात्री अकरा वाजता मिळाली, तर सकाळी बाप ते कागद घेऊन ऑफिसात उभा राहतो आणि पुढे बोलायला काही उरत नाही. पूर्वी लिपिक भाई उत्तर द्यायला एक दिवस उशीर करायचे, तेवढ्यात आम्हाला कुणकुण लागायची. त्या उशिरात काही मुली शाळेत राहिल्या आहेत. आम्ही यंत्र आणून तो उशीरच संपवत होतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, “मग आईला काय उत्तर जाईल? काहीच नाही गेलं तर ती समजेल निरोप पोचला नाही.” हा प्रश्न चांगला होता. उत्तरात कारण विचारायचं नाही, समजावणीही करायची नाही, कारण फोन अब्बांचा असतो आणि स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द घरात सगळे वाचतात. शेवटी चार-पाच शब्द ठरले: ‘मॅडम फोन करतील. उद्या सकाळी.’ तेवढंच. आणि तो निरोप त्याच क्षणी त्या वर्गाच्या बाईंच्या फोनवर पुढे जाईल. यंत्राला न कळलेला प्रत्येक निरोप, आणि बोललेला प्रत्येक निरोप, असाच माणसाकडे जाईल.

बोललेला निरोप तसा पाठवायचं ठरलं ते बरं झालं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा चाळीसला माझा फोन वाजला. ओळख पटेल असं मी काही लिहीत नाही. एका आईचा दबका आवाज, अकरा सेकंदांचा निरोप: “मैडम, लड़की का नाम काटना है. क्या लगता?” आमच्या वहीत ‘दाखला’ होता, ‘टीसी’ होता, ‘एलसी’ होता. ‘नाम काटना’ नव्हतं. आयांच्या तोंडी मात्र तेच असतं, हे मला त्या रात्री पुन्हा आठवलं. लिहून आला असता तरी तो न कळलेला म्हणून माझ्याकडेच आला असता.

सकाळी आठला फोन केला तर वडिलांनी घेतला. मी दाखल्याचं काही काढलं नाही. वर्गाच्या बाई आहोत, घरी येऊन भेटायचंय, एवढंच म्हटलं. संध्याकाळी गणिताच्या बाईंना सोबत घेऊन वडाळा गावात गेले. मुलीला सोडायला येणारा भाऊ कामासाठी भिवंडीला गेला होता, एकटी पाठवायची नाही, आणि रोजच्या रिक्षाला पैसे नाहीत. लग्नाचं काही ठरलेलं नव्हतं, की मुलगी अभ्यासात मागेही नव्हती. रिक्षाचा प्रश्न होता. त्याच भागातल्या आमच्या आणखी दोन मुली आहेत. तिघींमध्ये एक रिक्षा, आणि त्यातल्या एकीची आई सकाळी सोबत, असं त्या अंगणातच चहा पिता पिता जुळलं. वडील म्हणाले, वार्षिक परीक्षेपर्यंत पाठवतो, पुढचं पुढे. दहावीचं त्यांनी वचन दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. आई आत पडद्यामागे होती. निघताना तिने मला पानाचा डबा पुढे केला, मी पान खात नाही तरी घेतलं.

आता बॉट शाळेच्या खऱ्या क्रमांकावर आहे आणि सगळ्या पालकांसाठी चालू आहे. लिपिक भाईंचा चहा गरम असतो. त्यांना थोडं चुकल्यासारखंही वाटतं. पालकांची सुखदुःखं आधी त्यांना कळायची, आता ती थेट बाईंच्या फोनवर जातात. त्यांचा हा रुसवा खोटा नाही, म्हणून न कळलेले निरोप आता त्यांच्याकडेही जातात.

एक काम अजून मनावर आहे. वेबहूकवरून येणारा प्रत्येक निरोप आमच्या सर्व्हरवर उतरतो, म्हणजे घराघरांतल्या गोष्टी तिथे साठू शकतात. वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालचं मूल म्हणजे बालक, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. कायद्याचं सोडा, ही अमानत आहे. उत्तर गेलं की निरोप पुसायचा, फक्त अनुक्रमांक ठेवायचा, असं भाच्याने करून दिलं आहे. पालकसभेत आम्ही हे उर्दूतून वाचून दाखवलं आणि सह्या घेतल्या. ज्या सात-आठ घरांनी नको म्हटलं त्यांचे क्रमांक बॉटला दिलेले नाहीत. तो क्रमांक दिसला की निरोप तसाच ऑफिसकडे जातो.

भाचा जूनमध्ये पुण्याला नोकरीला जातोय. टोकन आणि सर्व्हरचा पासवर्ड एका बंद पाकिटात, दोन सह्यांनिशी, आपांच्या कपाटात ठेवला आहे. सर्व्हर बंद पडला तर आधी काय पाहायचं ते त्याने एका फुलस्केपवर उर्दूत लिहून लिपिक भाईंना दिलं. भाड्याची तारीख वरच लाल शाईत आहे.

माणसाकडे थेट जाणाऱ्या शब्दांची यादी स्टाफरूमच्या फळ्याशेजारी चिकटवली आहे. दाखला, टीसी, एलसी, नाम काटना, शादी, रिश्ता, मारना, काम पे. गणिताच्या बाईंना त्यात ‘बीमार’ हवा आहे. मी म्हणते, पावसाळ्यात निम्मे निरोप तापाचेच असतात, बाईंचे फोन रात्रभर वाजतील. त्या म्हणतात, वाजू देत. शनिवारच्या बैठकीत पुन्हा विषय आहे.